आधी ग्रह, मग पुरावा

वार्षिक मूल्यमापनाची बैठक सुरू आहे. खोलीत पाच विभागप्रमुख, पडद्यावर तीस नावं आणि हातात अडीच तास. एका माणसाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्यातलं एक मिनिट फाइल उघडण्यात जातं, एक आकडा ठरवण्यात. उरलेल्या तीन मिनिटांत वर्षभराचं काम तपासणं कुणालाच शक्य नाही. त्यामुळे तपासलं जातं ते त्या नावासरशी मनात उभं राहणारं चित्र. "काम करतो, पण पुढाकार नाही." "हुशार आहे, जरा ॲटिट्यूड आहे." "लीडरशिप मटेरियल वाटत नाही." ही वाक्यं निरीक्षणासारखी ऐकू येतात. कोणत्या तारखेला, कोणत्या कामात, नेमकं काय पाहून असं वाटलं, हे विचारलं की बहुतेक वेळा खोली गप्प होते.

मराठीत याला नेमका शब्द आहे: ग्रह. ग्रह होतो आणि आपण ग्रह करूनही घेतो. भाषेला दोन्ही क्रिया ठाऊक आहेत. पहिली आपोआप घडते. समोर आलेल्या माणसाबद्दल मन काही क्षणांत मत बनवतं आणि ते रोखण्याचा उपाय कुणाला सापडलेला नाही. दुसरी मात्र आपल्या हातात असते. झालेल्या ग्रहावर निर्णय उभा करायचा की नाही हे ठरवता येतं, आणि ते साहेबांच्या चांगुलपणापेक्षा संस्थेच्या कार्यपद्धतीवर जास्त अवलंबून असतं. नोकरी देणं, वेतनवाढ, बढती आणि कारवाई या चार निर्णयांवर माणसांचे संसार चालतात. हे निर्णय घेणाऱ्याने आधी पुरावा मांडावा, मग मत द्यावं, आणि हा क्रम संस्थेच्या नियमानेच बंधनकारक असावा, असं माझं म्हणणं आहे.

दुखणं जुनं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासून एक निबंध लिहिला. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते आणि प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करायचा होता. पण एका रकान्यात वर असलेला माणूस बाकीच्या रकान्यांतही वरच दिसत होता. या गुणांचा एकमेकांशी इतका घट्ट संबंध असणं शक्यच नव्हतं. अधिकाऱ्यांनी एकच मत चार वेळा लिहिलं होतं. थॉर्नडाइक यांनी या चुकीला तेजोवलयाची उपमा दिली आणि ती आजवर टिकली आहे. टिकायला हवी ती सावधगिरी मात्र टिकली नाही. शंभर वर्षांनंतरही 'संवादकौशल्य', 'जबाबदारी', 'संघभावना' असे दहा-बारा रकाने असलेला अप्रेझल फॉर्म एकाच बैठकीत, वरपासून खालपर्यंत, एकाच मूडमध्ये भरला जातो.

२००० साली स्टीव्हन स्कलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना मिळालेले गुण तपासले. प्रत्येकाला दोन वरिष्ठांनी, दोन बरोबरीच्या सहकाऱ्यांनी आणि दोन कनिष्ठांनी गुण दिले होते. गुणांमध्ये जो फरक दिसत होता त्यातला निम्म्याहून मोठा भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या धाटणीतून आलेला होता. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट; कुणाला वक्तशीरपणा प्रिय, कुणाला वक्तृत्व. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्याच्या निम्माही नव्हता. म्हणजे कर्मचाऱ्याच्या नावापुढचा 'पाचपैकी तीन' हा आकडा त्याच्यापेक्षा त्याच्या साहेबांची ओळख जास्त करून देतो. वेतनवाढ मात्र कर्मचाऱ्याची ठरते.

ग्रह कुठून येतात, हे नीट पाहायला हवं. एक अहवाल तीन दिवस उशिरा आला. ज्याच्याबद्दल आपलं मत चांगलं आहे त्याने उशीर केला तर आपण म्हणतो, "त्याच्यावर लोड फार आहे." ज्याच्याबद्दल मत वाईट आहे त्याने केला तर, "त्याचं हे नेहमीचंच." घटना एक, तारखा त्याच. पहिल्याला परिस्थिती मिळाली, दुसऱ्याला स्वभाव चिकटला. इतरांच्या वागण्याचं कारण त्यांच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत म्हणावी इतकी मोठी चूक ठरवलं. कामाच्या ठिकाणी या चुकीची एक खास जागा असते, ती म्हणजे साखळीतला शेवटचा टेबल. डिस्पॅच, बिलं, टेस्टिंग, अंतिम मंजुरी. आधीच्या चार टेबलांवर प्रत्येकी अर्धा दिवस वाया गेला की पाचव्या टेबलावर पोहोचेपर्यंत दोन दिवसांचा उशीर झालेला असतो आणि तो फक्त तिथेच दिसतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक संस्थेत हे शेवटचे विभाग 'स्लो' म्हणून ओळखले जातात. तिथली माणसं बदलली तरी शिक्का बदलत नाही. काम कोणत्या टेबलावर किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, एवढी एक नोंद ठेवली तर हा शिक्का महिनाभरात खोटा किंवा खरा ठरू शकतो. ती नोंद बहुतेक ठिकाणी नसते.

दुसरा स्रोत म्हणजे नुसतं दिसणं. किम्बर्ली एल्सबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की माणूस काय करतो आहे याची काहीही माहिती नसताना, तो केवळ जागेवर दिसला तरी पाहणारे त्याच्यावर गुण चढवतात. नेहमीच्या वेळेत दिसणारा 'जबाबदार, भरवशाचा' वाटतो; वेळ संपल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी दिसणारा 'झोकून देणारा'. पाहणाऱ्यांना आपण असं काही करत आहोत याची जाणीवही नसते. एरिन रीड यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ऐंशी तास राबणारे आणि तसं केवळ भासवणारे पुरुष यांच्यातला फरक तिथल्या वरिष्ठांना ओळखता येत नव्हता. ज्यांनी उघडपणे कमी तास मागितले त्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली. अर्ज करून कमी तास मागणारा प्रामाणिक माणूस मागे पडतो आणि गुपचूप तेवढंच काम करणारा पुढे जातो. हे ज्या पद्धतीत घडतं, ती पद्धत कामाचं मोजमाप करते असं कुणी म्हणू नये.

आणि हे सगळं आपल्याला आतून कळत नाही, हा यातला सर्वांत अवघड भाग. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी ११८ विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकाची मुलाखत दाखवली. प्राध्यापक तोच, त्याचे परदेशी वळणाचे उच्चारही तेच. एका चित्रफितीत तो आपुलकीने बोलला, दुसऱ्या चित्रफितीत तुसडेपणाने. पहिल्या गटाला त्याचे उच्चार गोड वाटले, दुसऱ्याला ते खटकले. तुसडा प्राध्यापक पाहिलेल्यांची तर खात्री होती, की त्याचं बोलणं-दिसणं आवडलं नाही म्हणून तो माणूस आवडला नाही. प्रत्यक्षात उलट घडलं होतं. "मी माणूस बघून मत बनवत नाही, काम बघून बनवतो," असं छातीठोक सांगणाऱ्या वरिष्ठाला खोटारडा म्हणता येणार नाही. त्याला ते खरंच तसं वाटतं. म्हणूनच त्याच्या वाटण्यावर विसंबता येत नाही.

कधी कधी तर माणूस समोर यायच्या आधीच निकाल लागलेला असतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी अमेरिकेतल्या दोन शहरांतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खाजगी नोकऱ्यांबाबत असाच प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चजातीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आढळली आणि मुस्लिम नावाच्या उमेदवाराची सुमारे एक-तृतीयांश. हे अर्ज चाळणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःला पक्षपाती म्हटलं असतं?

इथवर ग्रह म्हणजे चुकीचं वाचन होतं. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे: ग्रह स्वतःला हवा तो पुरावा तयार करतो.

कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांनी १९७४ मध्ये दोन टप्प्यांत एक प्रयोग केला. पहिल्या टप्प्यात गोऱ्या मुलाखतकारांसमोर गोरे आणि कृष्णवर्णीय उमेदवार बसवले. उमेदवारांना एकसारखं वागण्याचं प्रशिक्षण दिलेलं होतं. कृष्णवर्णीय उमेदवार समोर असताना मुलाखतकार जरा लांब बसले, बोलताना जास्त अडखळले आणि त्यांनी मुलाखत सुमारे एक-चतुर्थांश लवकर संपवली. दुसऱ्या टप्प्यात सगळे उमेदवार गोरेच घेतले, त्यांना काहीही शिकवलेलं नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्यांशी मुलाखतकार मुद्दाम तसे वागले, लांब बसून, अडखळत, घाईत. हे उमेदवार बावरले आणि तिऱ्हाईत परीक्षकांनी त्यांना कमी लायक ठरवलं. मुलाखतीत 'आत्मविश्वास कमी वाटला' असा शेरा लिहिण्याआधी खोलीतल्या खुर्च्यांमधलं अंतर पाहायला हवं, ते यासाठी.

चांगला ग्रहही असाच काम करतो. इस्रायली सैन्यात डोव्ह ईडन आणि अब्राहम शानी यांनी १०५ प्रशिक्षणार्थींवर केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षकांना सांगण्यात आलं की काहींमध्ये नेतृत्वाची क्षमता मोठी आहे, काहींमध्ये साधारण, काहींची माहिती नाही. ही वाटणी यादृच्छिक होती, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. पंधरा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाअखेरीस झालेल्या परीक्षांत 'मोठी क्षमता' असलेले खरोखरच पुढे गेले होते. प्रशिक्षकांनी कुणाला उत्तरं सांगितली नव्हती. अपेक्षा असली की माणूस जास्त समजावतो, जास्त वेळ थांबतो, चूक झाली तर पुन्हा करायला देतो. एवढं पुरतं.

कार्यालयात याचं उलटं चक्र कसं फिरतं, हे जाँ-फ्रांस्वा मान्झोनी आणि जाँ-लुई बार्सू यांनी १९९८ मध्ये मांडलं. त्याचे टप्पे कुणालाही ओळखीचे वाटतील. नवा माणूस रुजू झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत एखादी चूक होते, किंवा आधीच्या साहेबाचा एखादा शेरा पोहोचतो. वरिष्ठ जरा जास्त लक्ष घालू लागतात. इतरांना काम का करायचं ते सांगतात. याला कसं करायचं ते सांगतात. इतरांकडे आठवड्याने विचारणा, याच्याकडे रोज: "कुठवर आलं?" अवघड काम दुसऱ्याकडे जातं. कर्मचाऱ्याला हे दोन-तीन आठवड्यांत कळतं. तो प्रश्न विचारणं कमी करतो, कारण प्रश्न म्हणजे अज्ञानाची कबुली. प्रत्येक छोट्या गोष्टीला मंजुरी मागतो, कारण स्वतः ठरवलेलं चुकलं तर क्षमा नाही. वाईट बातमी शेवटपर्यंत दाबतो. सहा महिन्यांनी वरिष्ठ म्हणतात, "बघा, मी म्हणत होतो ना, पुढाकार नाही." आणि आता ते खरं असतं. या माणसाच्या फाइलमध्ये जमलेला पुरावा अस्सल आहे, तारखांसह आहे, पण तो कुणी निर्माण केला हे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते कामाच्या ठिकाणी होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे, कारण यात अन्याय करणाऱ्यालाही आपण मदत करत होतो असंच वाटत राहतं.

हे चक्र तोडण्याचा मार्ग समजूतदार गप्पांतून जात नाही. त्या माणसाला खरी जोखीम असलेलं एक काम द्यावं लागतं, पाच-सहा आठवड्यांचं, आणि तपासणीच्या दोनच तारखा आधी ठरवाव्या लागतात. मधे विचारणा करायची नाही. फसण्याचं नेहमीचं कारण असं: वरिष्ठांना चौथ्या दिवशी राहवत नाही. "सहज विचारलं" म्हणत केलेला एक फोन आधीचा सगळा करार मोडतो. काम पाहायचं असेल तर ठरलेल्या तारखेलाच पाहायचं, आणि मदत हवी असेल तर कर्मचाऱ्याने मागायची.

ग्रह वरून खाली वाहतो तसा खालून वरही जातो. जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास एकाच कंपनीच्या तीन कारखान्यांचा आहे. दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली, तिसऱ्यात झाली नाही. एका ठिकाणी कपातीचं कारण आकड्यांसह, सविस्तर, खेद व्यक्त करून सांगितलं गेलं आणि प्रश्नांना उत्तरं दिली गेली. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात उरकलं. कपात दोन्हीकडे तेवढीच होती. कर्मचाऱ्यांकडून होणारी चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे नीट सांगितलं होतं तिथे पुष्कळ कमी. पगार पूर्ववत झाल्यावर ती खाली आली. कर्मचारी पैसे मोजतात हे खरं, पण त्याबरोबर आपल्याला माणूस समजलं गेलं की नाही हेही मोजतात, आणि त्यानुसार वागतात.

एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांच्या अभ्यासात एक विचित्र गोष्ट आढळली. ज्या वॉर्डांतलं नेतृत्व आणि संघभावना चांगली, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. तिथे चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या, एवढंच त्याचं कारण होतं. 'शून्य तक्रारी, शून्य चुका' असलेल्या विभागाला बक्षीस देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे लक्षात ठेवावं: चूक सांगितली तर काय होईल याबद्दल माणसांचा जो ग्रह असतो, तोच आकड्यांतून बोलत असतो.

यावर सध्या दोन उपाय दिले जातात आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. पहिला, कर्मचाऱ्याला सल्ला: आपली इमेज सांभाळा, नजरेत राहा, केलेलं काम सांगत चला. हा सल्ला ओझं सर्वांत कमी ताकदीच्या खांद्यावर टाकतो. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, ज्याला ठरलेल्या वेळेला निघावंच लागतं, त्याच्याकडे नजरेत राहण्यासाठी वेगळा वेळ नसतो. शिवाय सगळ्यांनीच तो पाळला की एका ओळीच्या मेलमध्ये सहा जण सीसीत येतात आणि चार जणांच्या बैठकीला अकरा जण बसतात. दुसरा उपाय म्हणजे पूर्वग्रहांची जाणीव करून देणारी कार्यशाळा. पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नकळत होणाऱ्या पूर्वग्रहांची मोजमापं थोडीफार हलवता येतात, पण त्याबरोबर वागणं बदलल्याचं आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कार्यशाळेतून माणूस खजील होऊन बाहेर येतो आणि पुढच्या बैठकीत तोच फॉर्म तसाच भरतो.

फॉर्म बदला, क्रम बदला, वेळ बदला. हे शक्य आहे आणि त्याला मोठा खर्च नाही.

सुरुवात नोंदीपासून. प्रत्येक माणसासाठी चार रकाने: तारीख, काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला, परिस्थिती काय होती. आठवड्याला एका माणसाची एक ओळ. आठ जणांच्या टीमसाठी वीस मिनिटं लागतात, वर्षाला साधारण सतरा तास. नियम एकच: डोळ्यांनी दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलंच लिहायचं, विशेषण लिहायचं नाही. 'बेजबाबदारपणा केला' ही नोंद होत नाही. '१२ तारखेला द्यायचा अहवाल १५ला दिला. विक्रीचे आकडे त्याच्या हाती १४ला संध्याकाळी आले' ही नोंद होते. दुसरं वाक्य लिहिताना पहिलं आपोआप गळून पडतं. यात बिघडतं ते असं: वरिष्ठ राग आला तेव्हाच वही उघडतात, मग वही गुन्ह्यांची यादी होते. म्हणून दिवस ठरलेला हवा, आणि दर आठवड्याला सुरुवात वेगळ्या नावापासून व्हावी, नाहीतर शेवटच्या दोघांच्या ओळी कायम घाईत लिहिल्या जातात. एखाद्याची ओळ तीन आठवडे रिकामी राहिली तर ती फार मोलाची माहिती आहे. त्याचा अर्थ तो काही करत नाही असा नसून तुम्ही त्याला पाहिलेलंच नाही असा असतो. घरून काम करणारे, रात्रपाळीचे आणि मितभाषी लोक या रिकाम्या ओळींत सापडतात.

वर्षाअखेरीचे गुण देताना निकष चार ते सहाच ठेवावेत, आणि प्रत्येक पातळीपुढे वागणूक लिहावी. 'उत्तम', 'चांगला', 'अपेक्षेनुसार' या शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. 'अडचण आल्यावर मुदत संपण्याआधी कळवतो आणि पर्याय सुचवतो' हे सगळ्यांना सारखंच कळतं. वागणुकीवर बेतलेल्या अशा पट्ट्यांची कल्पना पॅट्रिशिया स्मिथ आणि लोर्न केंडल यांनी १९६३ मध्येच मांडली होती. मग फॉर्म आडवा न भरता उभा भरायचा. म्हणजे एका माणसाचे सगळे निकष एकदम भरण्याऐवजी पहिला निकष घेऊन सगळ्या माणसांना त्यावर गुण द्यायचे, मग दुसरा. एवढ्या एका बदलाने तेजोवलय बरंच तुटतं, कारण प्रत्येक वेळी माणूस बदलतो आणि लक्ष निकषावर राहतं. शक्य तिथे दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि ज्या जागी दोन किंवा अधिक गुणांचं अंतर पडेल तिथेच चर्चा करावी. तीस नावांना पाच-पाच मिनिटं वाटण्याऐवजी मतभेदाच्या आठ-दहा नावांना पंधरा-पंधरा मिनिटं देता येतात. बैठकीत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीने आधी बोलावं. मोठ्या साहेबांनी सुरुवातीलाच "मला तर तो ठीकठाक वाटतो" म्हटलं, की बैठक तिथेच संपलेली असते. पुढे फक्त सहमतीचे आवाज निघतात.

ही सगळी शिस्त एका गोष्टीने वाया जाते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एकूण गुण आधी ठरतात आणि मग ते जुळावेत असे रकाने मागून भरले जातात. टक्केवारीने ठरवलेला कोटा असेल, म्हणजे 'प्रत्येक विभागातून दहा टक्के लोक तळात दाखवाच', तर हे हमखास होतं. मग फॉर्म ही ग्रहाला मिळालेली पावती ठरते. कोटा काढून टाकल्याशिवाय बाकीच्या सुधारणांना अर्थ नाही.

मुलाखतीतही हेच. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या विविध पद्धतींचा फेरआढावा घेतला. मुलाखतीतले गुण आणि पुढचं काम यांचा सहसंबंध गप्पावजा मुलाखतीसाठी ०.१९ निघाला, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीसाठी ०.४२. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. ०.४२ हाही काही फार मोठा आकडा नाही, पण दुपटीहून जास्त आहे. पद्धत साधी आहे. कामाशी थेट जोडलेले सहा प्रश्न, सर्वांना त्याच क्रमाने. उत्तर संपताक्षणी पाचपैकी गुण लिहायचे, दिवस संपल्यावर एकत्र नाही. पूरक प्रश्न प्रत्येकी दोनच. नाहीतर आवडलेल्या उमेदवाराला आपण नकळत उत्तरापर्यंत बोट धरून नेतो आणि नावडत्याला "बरं, पुढे" म्हणतो. दोन उमेदवारांच्या मधल्या वेळेत पॅनेलने आपसांत मत सांगायचं नाही. दारातून उमेदवार बाहेर पडताच "पोरगा चांगला वाटला" हे तीन शब्द कुणीतरी उच्चारतो आणि तीन वेगवेगळ्या गुणपत्रिका एकाच माणसाच्या होऊन जातात.

अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेला यात जागा नाही का, हा आक्षेप रास्त आहे. डॅनिअल कानमन आणि गॅरी क्लाइन या विषयावर परस्परविरोधी बाजूचे अभ्यासक होते. २००९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन लिहिलं, की जिथे परिस्थितीत काही नियमितता असते आणि चूक-बरोबर कळण्याची संधी मिळते, तिथे अंतःप्रेरणा भरवशाची होते. आग विझवणाऱ्या प्रमुखाला आपला अंदाज चुकला हे काही मिनिटांत कळतं. मुलाखत घेणाऱ्याला नाकारलेला उमेदवार पुढे कसा निघाला हे कधीच कळत नाही. ज्याला बढती दिली त्याच्या कामाचा निकालही बढती देणाराच लावतो. अशा वीस वर्षांत आत्मविश्वास वाढतो. अंदाज सुधारतोच असं नाही. कानमन यांनी तरुणपणी, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत आखली होती. सहा गुणविशेष, एकेकाचे वस्तुनिष्ठ प्रश्न, एकाचे गुण लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. आपल्याला यंत्र बनवलं जातंय अशी मुलाखतकारांची तक्रार आली, तेव्हा त्यांनी शेवटी एक मुभा दिली: सहाही गुण लिहून झाल्यावर डोळे मिटा, त्या जवानाची कल्पना करा आणि एक आकडा द्या. पुढे पाहता हा आकडा सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी ठरला. मनाचा कौल घ्यायला हरकत नाही. तो शेवटी घ्यावा.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. लेखी नोंदी म्हणजे हातात दिलेलं शस्त्र. ज्याला काढायचं ठरवलं आहे त्याच्या चुका तारखेनिशी गोळा करणं यामुळे सोपं होईल. याला उतारा एकच, नोंद गुप्त नसणं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका अभियंत्याच्या बढतीच्या प्रकरणात सरकारी सेवेतल्या गोपनीय अहवालांबाबत हेच म्हटलं. त्या अभियंत्याच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. वरवर त्यात वाईट काही नव्हतं. पण बढतीसाठी 'खूप चांगला' हवा होता, म्हणून तो 'चांगला'च त्याच्या आड आला, आणि तो त्याला कधी कळवलाही गेला नव्हता. शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला गेला पाहिजे आणि त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. खाजगी संस्थांनी हा नियम आपणहून स्वीकारायला काहीच अडचण नाही. नोंदवही महिन्यातून एकदा कर्मचाऱ्याला दाखवावी आणि 'परिस्थिती काय होती' या रकान्यात त्याला स्वतःची ओळ लिहू द्यावी. वार्षिक गुणांचा मसुदा बैठकीच्या निदान दहा कामाचे दिवस आधी त्याच्या हाती पडावा. त्याचं उत्तर फॉर्मला जोडलेलं असावं, आणि बैठकीत त्याचं नाव पुकारल्यावर सर्वांत आधी तेच वाचलं जावं.